देशावरून कोकणात राहायला येताना : हवा, वारा आणि पाऊस



आपल्या भित्तिपत्रकाचा या वेळचा विषय 'आपला परिसर' असा आहे. कोणी पक्ष्यांवर लिहिले आहे, कोणी आंब्याच्या कलमांवर. मी इथल्या हवेवर लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, हवेवर काय लिहायचे? ती तर रोजचीच. पण मी तुमच्यासारखी इथे जन्मलेली नाही. माझे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. बाबा एसटीत चालक आहेत. त्यांची बदली दापोलीला झाली आणि २०२२ च्या मे महिन्याच्या शेवटी आम्ही या समुद्रकाठच्या गावात राहायला आलो. तेव्हा मी चौथीत जाणार होते, आता सातवीत आहे. म्हणजे मी इथले चार पावसाळे पाहिले. तुम्हाला जे लहानपणापासून ठाऊक आहे, ते मला चुका करत शिकावे लागले. त्यातली एक चूक फार मोठी होती. आधी तीच सांगते.

जोंधळ्याची दोन पोती

आम्ही निघालो तेव्हा आजीने टेम्पोत जोंधळ्याची दोन पोती घातली. आमच्याकडे ज्वारीला जोंधळा म्हणतात. त्या साली पाऊस जेमतेम झाला होता. आजीने आणि चुलत्यांनी राखलेल्या रानातला तो दाणा होता. आजी म्हणाली, "तिकडं नुसता भात खात्यात म्हणं. पोरांस्नी भाकरी घाला."

इथे आल्यावर बाबांनी पोती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, जमिनीवर ठेवली. आमच्या गावी तशीच ठेवतात. शेजारच्या काकी बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाय, पोती भुईवर नका ठेवू. माळ्यावर टाका." बाबा म्हणाले, "काकी, दाणा कडक वाळलेला आहे. घरही गळत नाही. काही होत नाही." काकी काही बोलल्या नाहीत.

जुलैच्या मध्याला आईने खालच्या पोत्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. दाणा गरम लागत होता आणि कुबट वास येत होता. आत हिरवी-काळी बुरशी पसरली होती. दुसऱ्या पोत्याचा वरचा थोडा भाग वाचला, बाकी सगळे गेले. कोंबड्यांना घालावे असे आईच्या मनात होते, पण गुरुजी म्हणाले, "बुरशी आलेले धान्य विषारी असू शकते. माणसांनी तर नाहीच, जनावरांनीही खाऊ नये." मग बाबांनी ते खतखड्ड्यात पुरले. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

आजीचा दर रविवारी फोन येई. "भाकरी खाताय न्हवं?" मी म्हणे, "व्हय आजी, रोज खातोय." असे मी चार महिने खोटे बोलले. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मला राहवले नाही, मी खरे सांगून टाकले. आजी रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, "छप्पर गळत हुतं का?"

मी म्हटले, "नाही."

"मग पाणी कुठनं आलं?"

"हवेतून आलं, आजी."

"हवेतनं पाणी कसं यील गं?" आजी म्हणाली.

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आता देता येईल असे वाटते. म्हणून हा लेख.

हवेतले पाणी

एका पेल्यात बर्फ घातलेले गार पाणी भरून ठेवा. थोड्या वेळाने पेल्याच्या बाहेरच्या अंगाला थेंब दिसतात. पेला गळत नाही. ते थेंब हवेतल्या वाफेचे असतात. वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण गार वस्तूला लागली की तिचे पाणी होते. यालाच पुस्तकात सांद्रीभवन म्हटले आहे.

आता पहा, आपल्या गावाच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. उन्हाने त्याच्या पाण्याची सतत वाफ होत असते. त्यामुळे इथल्या हवेत बाराही महिने वाफ जास्त. पावसाळ्यात तर हवेत मावेल तेवढी बहुतेक सगळी वाफ भरलेली असते. अशा हवेत ठेवलेला कोरडा दाणा गप्प बसत नाही. मीठ ओले होते, पापड मऊ पडतो, तसाच दाणाही हवेतली वाफ ओढून घेतो. शिवाय जमीन आणि भिंत गार असतात, म्हणून त्यांना टेकलेले पोते आणखी ओलसर होते. ओल आणि ऊब एकत्र आली की बुरशीला पंचपक्वान्नांचे ताट वाढल्यासारखेच.

म्हणून इथल्या जुन्या घरांत धान्य माळ्यावर ठेवतात. चुलीची ऊब आणि धूर वर जातो, त्याने ओल धरत नाही. काकी पुस्तक वाचून बोलत नव्हत्या, पण त्यांचे म्हणणे पुस्तकाला धरून होते.

उकाड्याचेही तसेच. आमच्या माणात मे महिन्यात ४० अंश तापमान असते. इथे समुद्रकाठी मे महिन्यात साधारण ३३ अंश. आकडा बघून मला वाटले, इथे बरे असेल. पण पहिल्या आठवड्यातच आई म्हणाली, "गावाकडचं ऊन परवडलं." याचे कारण घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि आपल्याला गार वाटते. माणच्या कोरड्या हवेत घाम आला कधी आणि वाळला कधी हेही कळत नाही. इथल्या हवेत आधीच वाफ भरलेली, म्हणून घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून नवीन माणसाने नुसता तापमानाचा आकडा पाहून फसू नये. सुती, सैल कपडे घालावेत, पाणी भरपूर प्यावे, दुपारी लिंबू-मिठाचे पाणी किंवा कोकम सरबत घ्यावे.

दोन वारे : खारा आणि मतलई

समुद्रकाठी राहणाऱ्याने दोन वाऱ्यांची ओळख करून घेतली पाहिजे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते. दिवसा जमिनीवरची हवा तापून वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते. तो खारा वारा. रात्री उलटे होते. जमीन आधी निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा.

हे वाऱ्याचे येणे-जाणे मी शाळेच्या झेंड्याच्या खांबाला कापडाची पट्टी बांधून पाहिले आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळच्या प्रार्थनेला पट्टी समुद्राकडे उडते. अकरा-बाराच्या सुमारास ती लोंबकळते. तेव्हा वर्गात सगळ्यांत जास्त उकडते. मग ती उलटी फिरून डोंगराकडे उडू लागते आणि खिडकीतून बरे वाटते. हर्णै बंदरातले जुने मच्छीमार शिडाच्या होड्या चालवत तेव्हा पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत.

एक गोष्ट मात्र नवीन माणसाला चकवते. इथले सगळ्यांत तापलेले दिवस मे महिन्यातच येतात असे नाही. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये कधी कधी देशावरून कोरडा, तापलेला पूर्वेचा वारा जोरात येतो. तो खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत आत येऊ देत नाही. अशा दिवशी पारा ३८ अंशांवरही जातो. मोहोर आणि बारीक कैरी अशा वेळी गळते. मी गमतीने म्हणते, हा आमच्या माणचा वारा मला भेटायला आला.

खाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. त्याने लोखंड गंजते. आमची पत्र्याची ट्रंक दोन वर्षांत चाळणी झाली. सायकलच्या साखळीला दर पंधरा दिवसांनी तेल द्यावे लागते.

इतका पाऊस का पडतो?

नकाशात दापोली आणि दहिवडी पहा. दोन्ही गावे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. मध्ये सरळ अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. पण दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणात पाचशेच्या आतबाहेर. म्हणजे सातपट फरक!

हा फरक सह्याद्रीमुळे पडतो. जूनपासून नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे समुद्रावरची वाफ घेऊन येतात. त्यांच्या वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे. वारे डोंगर चढू लागतात. वर जावे तसे थंड होते, वाफेचे पाणी होते आणि पाऊस कोसळतो. याला प्रतिरोध पाऊस म्हणतात. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस होतो. तिथे बरेचसे पाणी गाळून वारा पलीकडे उतरतो. उतरताना तो तापतो आणि कोरडा होतो. महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माझे गाव आहे, पण तिथे पोचेपर्यंत ढगाच्या झोळीत फारसे उरलेले नसते. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. लहानपणी आम्ही पश्चिमेला काळे ढग बघून नाचायचो. ते ढग कुठे रिकामे व्हायचे ते मला इथे आल्यावर कळले.

डब्यातला पाऊस

मिलिमीटर म्हणजे नेमके किती, हे कळावे म्हणून गुरुजींनी आम्हाला पर्जन्यमापक करायला लावला. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घेतला. झाड, भिंत किंवा पागोळी जवळ नाही अशा जागी मैदानात विटांमध्ये घट्ट बसवला. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टी बुडवून पाणी मोजायचे, वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. हवामान खात्याची रोजची मोजणीही सकाळी साडेआठलाच होते.

गेल्या जुलैत एका सकाळी डब्यात १४ सेंटिमीटर पाणी होते. म्हणजे १४० मिलिमीटर. आमच्या माणात वर्षभरात पडतो त्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पाऊस एका दिवसात! हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्याही पुढे गेला तर अत्यंत मुसळधार पाऊस समजतात. म्हणजे त्या दिवशीचा आमचा डबा अतिमुसळधार होता.

आता गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. आपल्या शाळेच्या तीन खोल्यांचे छप्पर ९० चौरस मीटर धरू. ९० गुणिले १४० बरोबर १२,६०० लिटर. आमच्या गावी उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येई आणि सारी वस्ती घागरी घेऊन धावे. इथे एका दिवसात शाळेच्या छपरावरूनच सव्वा टँकर पाणी ओघळून गेले.

पण मित्रांनो, एप्रिल-मे महिन्यांत आपल्याही वरच्या वाडीतल्या विहिरीचा तळ दिसतो. पहिल्या वर्षी मला याचे फार नवल वाटले. कोकणची जमीन उताराची आणि जांभ्या दगडाची. पाणी झरझर खाली जाते आणि वहाळाने समुद्राला मिळते. तेव्हा नवीन येणाऱ्यांनी इथे पाणी भरपूर म्हणून उन्हाळ्यात उधळपट्टी करू नये.

बारा महिने कसे जातात?

जूनचा पहिला-दुसरा आठवडा : पाऊस सुरू होतो. इथली माणसे मृग नक्षत्राची, म्हणजे ७ जूनच्या आसपासची, वाट पाहतात. पण दरवर्षी तारीख पाळली जाईलच असे नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला. त्या वर्षी आमच्या वाडीत कित्येकांची घरे शाकारायची राहिली होती आणि लाकडे बाहेरच भिजली. म्हणून आगोटीची तयारी मेच्या मध्यापर्यंत उरकावी हे बरे. लाकूडफाटा, डाळ-तांदूळ, मसाला, सुके मासे ही बेगमी आधी करून ठेवायची. पडवीला पश्चिमेकडून झड लागते, त्या बाजूने झापे नाही तर ताडपत्री बांधायची.

जुलै-ऑगस्ट : पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. उन्हाळी पावसासारखा तो गडगडत येत नाही, नुसता धरून राहतो. कपडे वाळत नाहीत. शाळेचा गणवेश चुलीवर, वलणीवर टाकून वाळवावा लागतो. समुद्र खवळलेला असतो. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. याच काळात भाताची लावणी होते. सूर्य कधी कधी आठ-आठ दिवस दिसत नाही. पहिल्या वर्षी माझ्या लहान भावाने विचारले होते, "सूर्य गावालाच राहिला का?"

सप्टेंबर : पाऊस उघडीप देत देत पडतो. ऊन-पावसाचा खेळ चालतो. सड्यावर रानफुले येतात.

ऑक्टोबर : पाऊस परततो. आकाश निरभ्र, जमीन ओली आणि ऊन कडक. त्यामुळे उकाडा फार. दुपारनंतर ढग जमून विजा चमकतात. मेच्या शेवटीही तशाच विजा असतात. अशा वेळी झाडाखाली किंवा उघड्या सड्यावर थांबू नये. कापलेले भात याच दिवसांत भिजते. पुस्तके, गोधड्या, ट्रंकेतले कपडे यांना आता ऊन दाखवावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : सगळ्यांत सुखाचे दिवस. समुद्रकाठी थंडी थोडी, पहाटे सतरा ते वीस अंश. दापोली शहर उंचावर आहे, तिथे आपल्यापेक्षा पुष्कळ गार असते. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर येतो. तेव्हा ढग आले की बागायतदार काळजीत पडतात, कारण ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे पडतात.

मार्च ते मे : उकाडा वाढत जातो, पण दुपारी खारा वारा आणि संध्याकाळी किनारा आहे. मेमध्ये वळवाची सर येऊन जाते. रात्री झाडांवर काजवे लखलखतात.

वादळ

आम्ही इथे येण्यापूर्वी, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. ते रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर चढले, पण आपल्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यालाही त्याने झोडपले. ते कसे होते हे मी काकींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "वारा नव्हता गो, रेल्वे जाते ना अंगावरून, तसा आवाज. आम्ही सगळी खाटेखाली. बाहेर माड पडतेत तो आवाज येत होता. मी मोजत होते. अकरापर्यंत मोजले, मग मोजायचे सोडले." वीज यायला कित्येक दिवस लागले. नवी सुपारी लावली तरी ती धरायला सहा-सात वर्षे जातात. काकींच्या वाडीत अजून मोकळी जागा दिसते. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला धरून गुजरातकडे गेले.

अरबी समुद्रातली वादळे बहुधा पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये, नाही तर नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले होते. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये खालचे वारे एका दिशेला आणि फार उंचावरचे वारे उलट दिशेला जोरात वाहतात. त्यामुळे वादळाचा भोवरा सरळ उभा राहू शकत नाही, मोडतो. म्हणून पाऊस संपला, आता भीती नाही, असे समजून चालत नाही.

आता हवामान खाते आधी सूचना देते. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे सावध, पाऊल उचला. बंदरावर बावटा लागतो. तो लागला की मच्छीमार होड्या आत घेतात. वादळाचा मध्य डोक्यावरून जात असेल तर मध्येच वारा एकदम पडतो. ते वादळ संपल्याचे लक्षण नसते. थोड्या वेळाने उलट्या दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो. तेव्हा बाहेर पडू नये.

भरती, ओहोटी आणि साकव

ही दुसरी चूक माझी एकटीची आहे. २०२३ च्या जुलैत शाळा सुटल्यावर मी आणि माझा भाऊ घरी चाललो होतो. तो तेव्हा पहिलीत होता. रात्रीपासून पाऊस होता. खाडीकडच्या साकवावरून पाणी चालले होते, माझ्या गुडघ्याएवढे. मी भावाचा हात धरला आणि पाय पुढे टाकला. आमच्या गावी ओढ्याला पाणी आले की आम्ही असेच ओलांडायचो. तेवढ्यात मागून एका मच्छीमार मामांनी हाक मारली, "पोरी, थांब! भरती हाय." त्यांनी आम्हाला त्यांच्या पडवीत बसवले आणि चहा दिला. दोन-अडीच तासांनी साकव मोकळा झाला. पाऊस तसाच पडत होता, तरी पाणी उतरले. मामांनी आम्हाला घरापर्यंत सोडले.

पाऊस थांबला नाही तरी पाणी कसे उतरले? वहाळाचे पाणी खाडीत जाते आणि खाडी समुद्राला मिळते. भरतीला समुद्र वर चढतो, मग वहाळाच्या पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि ते मागे तुंबते. ओहोटी लागली की ते निघून जाते. दिवसात दोनदा भरती येते आणि रोज ती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती असते, तिला उधाण म्हणतात. जोराचा पाऊस आणि उधाण एका वेळी आले की धोका जास्त. म्हणून इथे पावसाळ्यात आभाळाबरोबर दिनदर्शिकाही पाहावी लागते.

त्या दिवशी त्या मामांनी हाक मारली नसती तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही. पण साकवावर पाणी असेल तर मी आता कधीच पाय घालत नाही. तुम्हीही घालू नका. घोटाभर पाणीसुद्धा वाहते असले की ओढते, आणि खालची फळी निघाली आहे का ते दिसत नाही.

नवीन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे

१. धान्य जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा माळ्यावर ठेवावे. पीठ आठवड्यापुरतेच दळावे.
२. मिठाच्या बरणीत थोडे तांदळाचे दाणे टाकावेत. काडेपेटी डब्यात ठेवावी.
३. दप्तरात पुस्तकांसाठी प्लॅस्टिकची पिशवी असावी. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वारा छत्री उलटी करतो.
४. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरू नये. एरवीही गावकऱ्यांना विचारून उतरावे.
५. विजा चमकत असताना घरात थांबावे.
६. साकवावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरावे. शाळा बुडाली तरी चालेल.
७. शेजारी जे सांगतील ते ऐकावे. पटले नाही तर कारण विचारावे, पण आधी ऐकावे.

शेवटी

या शाळेतला माझा हा शेवटचा लेख. जूनपासून मी हायस्कूलला जाणार. मेच्या शेवटी आजी आमच्याकडे राहायला येणार आहे. तिचे गुडघे दुखतात आणि आता तिला एकटे राहवत नाही. ती यायला घाबरते. "त्या पाण्यात मला जमंल का गं?" असे फोनवर दर वेळी विचारते. मी हा लेख तिला फोनवर वाचून दाखवला. पेल्यावरचे थेंब तिने स्वतः करून पाहिले. मग म्हणाली, "व्हय की! हवेतच हुतं म्हणायचं पाणी. आन् आमी आयुष्यभर ते विहिरीत हुडकलं."

तिने विचारले, येताना काय आणू? मी म्हटले, जोंधळा आण, पण पोत्यात नको, डब्यात आण, आणि दोन पोती नको, दोन पायल्या पुरे. आणि घोंगडी आण. थंडीसाठी नव्हे. आमच्या माणची मेंढीच्या लोकरीची घोंगडी पाऊस लवकर आत येऊ देत नाही. इथले शेतकरीही लावणीला कांबळे पांघरतात. पावसाच्या कामाची ती एक वस्तू दुष्काळी गावातच होते.

बाबांनी स्वयंपाकघरावरचा माळा झाडून ठेवला आहे. फळ्या काकींनी दिल्या.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी